शोभाताईंच्या गाडीतली रेती

भैयासाहेब खिशातून पांढरा रुमाल काढायचे तेव्हा आवारातले सगळे ड्रायव्हर बोलायचे थांबायचे. रुमालाचं टोक बोटाला गुंडाळून ते पुढच्या सिटखालच्या लोखंडी पटरीत घालायचे, एकदा पुढे, एकदा मागे, आणि बोट उजेडात धरायचे. लांबच्या भाड्याहून आलेली गाडी अकोल्याच्या त्या आवारात अशी तपासली जायची. बाहेरचा चिखल त्यांना चालायचा, तो रस्त्याचा. आतली घाण मात्र ड्रायव्हरची. आत बसणारे सहा जण कोण होते, त्यांनी काय खाल्लं, काय सांडलं, हे ते कधी विचारत नसत.

शोभाताई समुद्राची पहिली फेरी करून आल्या तेव्हा तो रुमाल पिवळट निघाला.

"रेती," भैयासाहेब म्हणाले.

"समुद्रावर गेलो होतो जी. तिथं रेतीच रायते."

"तिची जागा तिथं हाय, माह्या गाडीत नाही. अजून एक डाव देतो. पुढच्या खेपीले रुमालाले कण लागला, का तू आपली शाळेची व्हॅन धर."

हे त्यांनी चार पुरुष ड्रायव्हरांसमोर सांगितलं. चौघांपैकी एकानं खाकरल्यासारखं केलं, ते हसू होतं. भैयासाहेबांकडे लांब जाणारी बाई ड्रायव्हर एकच होती. सात सिटांची पांढरी गाडी नवी होती, आणि ती आपल्याला मिळावी असं त्या चौघांनाही वाटत होतं. शोभाताईंना शाळेची व्हॅन वाईट वाटत नसे. पण शाळेची व्हॅन सकाळी तीन किलोमीटर जाते आणि दुपारी तेच तीन किलोमीटर परत येते. चाळीस वर्षांची ती बाई हिवरखेडच्या फुलांच्या मळ्यातून निघून, गिअर टाकत टाकत समुद्रापर्यंत पोचली होती. तिला परत तीन किलोमीटरवर जायचं नव्हतं. ही गोष्ट एवढ्यासाठीच आहे.

मला त्या पहिल्यांदा भेटल्या त्या मात्र समुद्रापासून फार लांब, नांदगाव पेठच्या एका कापडगिरणीच्या फाटकाशी. तेव्हा त्या कामगार बायकांना अमरावतीहून ने-आण करणारी गाडी चालवत. मी पत्रकं वाटत होतो. मी पत्रकांच्याच घरात वाढलो. वडिलांच्या सायकलच्या कॅरिअरला पत्रकांचा गठ्ठा नाही असा दिवस मला आठवत नाही, आणि अक्षरओळख मला 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर झाली. त्या दिवशीचं पत्रक मी स्वतः लिहिलं होतं. श्रमाची प्रतिष्ठा असं त्याचं शीर्षक होतं. मी गाडीच्या खिडकीतून आत हात घालून वाटायला लागलो.

"ओ पत्रकवाले," ड्रायव्हरच्या सिटवरून आवाज आला, "हे वाचून झाल्यावर कुठं जाते?"

"म्हणजे?"

"माह्या गाडीत खाली पडते. मंग ते उचलते कोन? तुमी उचलता?"

बायका खदखदा हसल्या. मी काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातात छोटा कुंचा दिला. "कालचे बी सिटखाली हायेत. घ्या काढून. मंग आजचे वाटा."

मी काढले. अठरा पत्रकं निघाली, कापसाच्या पुंजक्यांत गुंडाळलेली. श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी त्यानंतर पुष्कळ लिहिलं, पण सिटखाली डोकं घालून ते एकदाच वाचलं.

त्यांचं आयुष्य गाडीच्या आतल्या कचऱ्यानं मोजता आलं असतं. पहिल्या गाडीत फुलं. भावाचा टेम्पो होता, हिवरखेडहून झेंडू अन् शेवंती अकोल्याला न्यायचा. भाऊ आजारी पडला आणि माल सडायला लागला, तेव्हा त्यांनी चावी घेतली. मग गिरणीची गाडी, तिच्यात कापसाची रुई. मग समुद्राची गाडी आणि रेती. प्रत्येकाची रीत त्यांना तोंडपाठ होती. "फुलाची पाकळी झाडली का जाते. रुई झाडाल तर उडते अन् पुन्हा बसते, तिले ओला हात फिरवाचा. अन् रेतीले? रेतीले पानी लावलं का तुमी मेले. तिले वाळू द्याचं. ओली रेती जिद्दी असते, वाळली का गरीब होते."

बोलताना त्यांचा उजवा हात सारखा सिटवरून फिरत असे. कोणाच्या घरी गेल्या तरी बसण्याआधी खुर्चीवरून तळवा फिरवायच्या, मग बसायच्या. लोकांना तो अपमान वाटे. गाडीत शेंगा, फुटाणे, कुरमुरे यांना बंदी होती, संत्र्याला नव्हती. उलट संत्र्याच्या साली त्या मागून घ्यायच्या, वाळवायच्या आणि कापडाच्या पुरचुंडीत बांधून सिटखाली ठेवायच्या. बाजारातल्या सुगंधी बाटल्यांनी त्यांचं डोकं दुखे.

पहिल्या फेरीत रेती कशी राहिली, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. धामणगाव रेल्वेचं एक व्यापारी कुटुंब होतं. किनाऱ्यावरून आले, तसेच ओल्या पायांनी आत बसले. मुक्कामी पोचल्यावर मोठ्या सुनेनं न सांगता झाडणी घेतली आणि वाकली. नवरा, दीर आणि सासरा बाहेर खुर्च्या टाकून चहा पीत होते.

"मले काय झालं, मालूम नाही," शोभाताई म्हणाल्या. "म्या तिच्या हातची झाडनी घेतली अन् तिच्या नवऱ्याच्या मांडीवर नेऊन ठेवली. म्हनलं, ती बाई तर पान्यात उतरलीच नाही, साडी भिजन म्हनून. रेती तुमी आनली."

"मग?"

"मंग काय. तो उठून गेला. झाडनी तशीच पडून. अन् म्या बी झाडलं नाही. येताना सहा जनांची रेती जशीच्या तशी घेऊन आली."

"पण तुमचंच नुकसान झालं की."

"झालं. रुमाल पिवळा झाला. पन त्याच दिवशी ठरवलं. झाडून काढाचं ते नंतर नाही, आत बसाच्या आधी. अन् ज्यानं आनली त्यानं."

पुढची समुद्राची फेरी त्यांना मी मिळवून दिली. अकोल्याचे माझे मामा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. भूगोल शिकवायचे. तीस वर्षं फळ्यावर समुद्र काढला, पण डोळ्यांनी पाहिला नव्हता. निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी जाहीर केलं, दिवेआगरला जायचं. मामी, त्यांचा नोकरीतला मुलगा पंकज, मी आणि मामा. मी भैयासाहेबांच्या गाडीचं नाव सुचवलं आणि शोभाताई ड्रायव्हर हव्यात असंही सांगितलं. त्यांना दुसरा डाव मिळाला तो असा. म्हणजे पुढे जे घडलं, त्यात माझा हात पहिल्या दिवसापासून आहे.

निघायच्या सकाळी मामांच्या दारात त्यांनी डिकी उघडून दाखवली. एक लोखंडी घमेलं. गोड्या पाण्याची कॅन, रिकामी. झाकणाची बादली, ओल्या कपड्यांसाठी. पावडरचा डबा. दोन कुंचे. आणि फुलं बांधायची जुनी कापडं, मळ्यातली, धुऊन धुऊन मऊ झालेली, चार घड्या. प्रत्येकाला एकेक कापडी पिशवी दिली, चपलांची.

"आयका," त्या म्हणाल्या. "समुद्रावरून आलं का कोनी डायरेक्ट आत बसाचं नाही. आधी बाहेर उभं राहून कपडे झटकाचे. पाय वाळू द्याचे. मंग पावडर लावून हातानं रेती उतरवाची, ती आपोआप सुटते. मंग आडवं बसाचं, पाय बाहेर ठेवून. घमेल्यात पाय बुडवाचे, या कापडानं पुसाचे, मंग आत. आपले पाय आपन. झाडून काढाची वेळ आली तर ज्याची रेती, त्यानं झाडून काढाची."

मामी पदर तोंडाला लावून हसल्या. मामांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, मी शाळा चालवली हाय. साफसफाई मले शिकवू नका."

"शाळेत झाडत कोन होतं काकाजी?"

"पोरं. पाळीपाळीनं. संस्कार होते ते."

"अन् तुमची पाळी?"

मामा गाडीत जाऊन बसले. त्या क्षणापासून त्या गाडीत दोन पक्ष झाले, आणि तो ताण दीड दिवस, पुणं आणि ताम्हिणी ओलांडून किनाऱ्यापर्यंत आमच्याबरोबर आला. वाटेत मामांनी मुद्दाम फुटाणे घेतले. शोभाताईंनी गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या. मामांचे फुटाणे संपेपर्यंत ते बाहेर उभे होते, आम्ही आत.

दिवेआगरला पहिली संध्याकाळ ठीक गेली. मामींनी, पंकजनं आणि मी रीतसर पाय झटकले, पावडर लावली, घमेल्यात बुडवले. मामा किनाऱ्यावर उतरलेच नाहीत. म्हणजे उतरले, पण बूट घालून, आणि आल्यावर पंकजला म्हणाले, "पुस." पंकज वाकला. शोभाताई मध्ये आल्या. "बूट त्यायचे हायेत." मामांनी बूट काढून पिशवीत टाकले आणि मोज्यांवर आत बसले. नियम मोडला नाही, पाळलाही नाही. शोभाताईंनी ते चालवून घेतलं. त्यांनी रात्रीच पटरी तपासली असणार, कारण सकाळी रुमाल दाखवला. त्यांनीही एक पांढरा रुमाल घेतला होता, भैयासाहेबांसारखाच. कोरा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. समुद्र इतका लांब गेला होता की मामा निराश झाले. सुरूच्या झाडांखाली गाडी उभी होती. ऊन चढलं, मामींना भोवळ आल्यासारखं झालं, म्हणून शोभाताईंनी त्यांना मागच्या सिटवर बसवलं, एसी लावला, आणि गोडं पाणी आणायला एका वाडीतल्या विहिरीवर गेल्या. जाताना म्हणाल्या, "काकू, चावी लावून ठेवली हाय तुमच्या हवेसाठी. कोनालेच देऊ नका." ही त्यांची एकमेव चूक. ती त्यांनी कधी नाकारली नाही.

मामा ओल्या रेतीवरून चालत आले. पाय आपटून पाहत होते. घट्ट होती.

"पंकज, गाडी घे खाली. पान्याजवळ फोटो काढू. हे पाहा, पूर्णेच्या पात्रासारखी हाय रेती. आपल्याकडं ट्रॅक्टर नाही का जात भरून?"

वऱ्हाडातला माणूस रेती म्हटली की नदीचं पात्र पाहतो. ते एकदा उघडं पडलं की महिनोन् महिने उघडं असतं. पाणी गेलं म्हणजे गेलं. आमच्या कोणाच्याच हाडात दिवसातून दोनदा परत येणारं पाणी नाही.

"अहो, तिले येऊ द्या," मामी आतून म्हणाल्या.

"तू गप बैस. दोन मिनिटाचं काम."

पंकज बसला. मी बोललो नाही. उलट मी फोन काढला, कारण फोटो मीच काढणार होतो. गाडी सरळ पाण्याच्या काठाशी गेली. पंकज स्टिअरिंगवर, काच खाली, कोपर बाहेर. मामा बॉनेटवर हात टेकून, मागे समुद्र. छान आला फोटो. मग मामांना दुसरा हवा झाला, चष्मा काढून. मग पंकजला एक. मग व्हिडिओ.

वरून एक माणूस ओरडत आला, "भरती लागली हो! गाडी काढा!" मामांनी वळून पाहिलं. भरती हा शब्द त्यांनी हजार वेळा फळ्यावर लिहिला असेल. पुढच्या चाकांखालून पाण्याची पातळ चादर सरकून गेली आणि परत जाताना चाकांखालची रेती घेऊन गेली. पंकजनं रिव्हर्स टाकून जोरात रेस दिली. चाकं गरागरा फिरली आणि टायरच्या अर्ध्यापर्यंत रुतली. घाबरून तो दार उघडून बाहेर पडला, त्याच वेळी लाट आली आणि उघड्या दारातून सरळ आत गेली. मग त्यानं दार आपटून लावलं.

शोभाताई भरलेली कॅन घेऊन पळत येताना दिसल्या. वर कॅन टाकली, डिकीतलं घमेलं आणि कापडं ओढून काढली, आणि पाण्यात शिरल्या. कोणावर ओरडल्या नाहीत. पहिलं वाक्य मामींना होतं, खिडकीतून.

"काकू, पाय वर घ्या. दार उघडाचं नाही, काही झालं तरी. मी आली हाय ना. खालचे मॅट काढा अन् मले द्या."

मामींनी सिटवर पाय घेऊन एकेक रबरी मॅट काचेतून बाहेर दिली. घमेलं शोभाताईंनी मामांच्या हातात दिलं. "काकाजी, चाकामागची रेती काढा. भराभर." मामा उभेच राहिले. लाट त्यांच्या गुडघ्याला लागली. "काढा ना! काकू आत हाय!"

मामा वाकले. मुख्याध्यापक असताना त्यांनी कोणासमोर पाठ वाकवली नसेल. ते दोन्ही हातांनी घमेल्यानं रेती उपसत होते, जेवढी काढत तेवढी पाणी परत आणत होतं, आणि त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मागच्या चाकांखाली शोभाताईंनी आधी मॅट घातल्या. चाक फिरलं, मॅट चिखलात गेली. मग त्यांनी फुलांची कापडं घातली. हिवरखेडच्या मळ्यातली, मऊ झालेली, चारही. आणि त्या ड्रायव्हरच्या खिडकीतून आत शिरल्या. दार उघडलं असतं तर अजून एक लाट आत गेली असती. खिडकीच्या काठावर बसून पाय आत घेण्याआधी त्यांनी दोन्ही तळपाय एकमेकांवर आपटले. रेती झटकली. समुद्र आत शिरलेला, गाडी बुडत चाललेली, आणि त्या बाईनं पाय झटकले.

आम्ही तिघं आणि तो वरचा माणूस, चौघांनी समोरून ढकललं. गाडी एकदा हलली, परत बसली. दुसऱ्यांदा कापडांवर चाक चढलं. तिसऱ्यांदा ती मागे उसळली आणि सरळ सुरूच्या झाडांपर्यंत गेली. चारांपैकी एकही कापड सापडलं नाही.

त्यानंतरची पाच मिनिटं मला सगळ्यात जास्त आठवतात. शोभाताईंनी दार उघडलं तेव्हा उंबऱ्यावरून पाणी ओघळलं. त्यांनी ओल्या गालिच्यावर बोट टेकवून जिभेला लावलं. मामींना उतरवून पाणी पाजलं. मामा आले, मांडीपर्यंत रेतीनं माखलेले, आणि दाराला हात घातला.

"काकाजी, पाय."

"काय?"

"पाय. पानी आनलं हाय."

"आतमध्ये समुद्र शिरला, अन् तू मले पाय धुवाले सांगून राहिली?"

"समुद्र शिरला तो शिरला. तुमच्या पायाची रेती तुमची हाय."

मामा आत बसले. तसेच. शोभाताई चावी हातात धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता फुटाण्यांच्या वेळेसारखं होणार. पण त्यांनी मामींकडे पाहिलं. मामींचे ओठ पांढरे पडले होते. मग त्या बसल्या आणि गाडी दवाखान्याकडे वळवली. त्यांनी नियम सोडलेला मी तेवढाच पाहिला.

मामी दुपारपर्यंत सावरल्या. परतीच्या वाटेवर मामा जालन्याजवळ म्हणाले, "मालकाले सांगताना जरा इचारानं. भरती अचानक आली असं सांगू." शोभाताईंनी आरशात पाहिलं. "मी इचारलेल्याचं खरं उत्तर देईन काकाजी. तुमी तुमचं द्या."

आवारात भैयासाहेबांना रुमाल काढावाच लागला नाही. दार उघडताच खारा, कुबट वास बाहेर आला. चारही ड्रायव्हर तिथंच होते.

"पान्यात कोनी नेली?"

मामांनी घसा साफ केला. फळ्यासमोर उभं राहावं तसे उभे राहिले. "तुमच्या ड्रायव्हरनंच नेली. आमी नको म्हणत होतो. बाईमाणूस, अंदाज नाही आला."

शोभाताई मामांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या खिशात फोन होता. फोनमध्ये तो फोटो होता, पंकजचं कोपर, मामांचा हात, मागे समुद्र. मी पत्रकांच्या घरातला. गिरणीच्या फाटकावर, पोलिसांसमोर, कॉलेजच्या मैदानात मी बोललो आहे. तिथं समोर मामा नव्हते. लहानपणी मला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवणारे मामा नव्हते. मी बुटांकडे पाहिलं. बुटांच्या शिवणीत रेती होती.

"फोटो दाखव," मामी म्हणाल्या.

सगळे वळले. मामी मोठ्यानं बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. "तुले म्हनते. दाखव भैयासाहेबाले. मी आत होती. मले मालूम हाय कोनी नेली अन् मले कोनी काढलं."

मी दाखवला. स्वतःहून दाखवला असता का, याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. ते सापडत नाही, हेच त्याचं उत्तर असावं.

भैयासाहेबांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मामांकडे पाहिलं नाही. गिऱ्हाइकाला कोणी काही विचारत नाही.

"चावी गाडीत कोनी सोडली?"

"म्या," शोभाताई म्हणाल्या.

"मंग?"

"मंग बराबर हाय." त्यांनी चावी पुढे केली. "पन गाडी मी साफ करून देईन. दोन दिवस द्या. मंग व्हॅन."

दुसऱ्या दिवशी अमरावतीला जाण्याआधी मी आवारात गेलो. अकोल्याचं मार्चचं ऊन पत्र्यावर तापत होतं. सगळ्या सिटा नटबोल्ट काढून बाहेर ओळीनं मांडल्या होत्या, जसा कोणी भिंती नसलेला दिवाणखाना मांडावा. गालिचा दोरीवर होता. शोभाताई त्यावर गोडं पाणी ओतत, वाळू देत, बोट टेकवून चाटत, आणि पुन्हा ओतत. पांढरे डाग वाळले की परत वर येत.

"किती वेळा?"

"पाचवी हाय. अजून खारट लागते."

मला संताप आला होता, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून त्यांच्यावरच काढला. "ज्यानं तुम्हाला सगळ्यांसमोर काढलं, त्याची गाडी तुम्ही काहून घासून राहिल्या? राहू द्या ना तशीच. सडू द्या."

त्यांनी कपाळ मनगटानं पुसलं. "गाडी त्याची हाय. काम माहं हाय. माहं काम अर्धं टाकून त्याच्या दारात काहून ठेवू?" मग कुंचा माझ्याकडे फेकला. "अन् तुमी लई तावातावानं बोलून राहिले. तुमचे बूट कुठं होते त्या दिवशी? या पटरीत तुमची बी रेती हाय. घ्या."

मी दुपारपर्यंत पटऱ्या झाडल्या. त्या दिवशी त्या माझ्याशी तेवढंच बोलल्या. क्षमा मागायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा त्यांनी दुसरी पटरी दाखवली.

त्यानंतरचे आठ-नऊ महिने त्या शाळेची व्हॅन चालवत होत्या. सकाळी तीन किलोमीटर, दुपारी तीन किलोमीटर. मी फोन केला की म्हणायच्या, "बरं हाय." मामांकडे मी गेलो नाही. मामींचा मात्र दिवाळीनंतर फोन आला. त्या धरून बचत गटातल्या सहा बायका समुद्र पाहायला निघाल्या होत्या, एकही पुरुष न घेता. मामी स्वतः भैयासाहेबांच्या आवारात गेल्या होत्या. "मी सांगून आली. शोभा असन तर गाडी, नाहीतर दुसरीकडं पाहतो. तो म्हने, काकू, ती मागच्या डावात... मी म्हनलं, मागच्या डावात मीच होती आत."

मी त्या सकाळी अकोल्याला गेलो. मामींच्या दारात पांढरी गाडी उभी होती. सहा बायका बसल्या होत्या, मांडीवर चपलांच्या कापडी पिशव्या. डिकीत नवं घमेलं. फुलांच्या कापडांच्या जागी सहा रंगांच्या सहा जुन्या साड्यांच्या घड्या होत्या, प्रत्येक बाईनं आपापली आणलेली. शोभाताईंनी चावी सुती दोरीनं मनगटाला बांधली होती. मला पाहून त्यांनी भुवई उचलली. तेवढंच.

मामा घरातून मामींची राहिलेली बॅग घेऊन आले. बागेला पाणी घालून आले होते, चपलांना काळी माती. बॅग ठेवायला ते मधल्या दारातून आत चढले, बॅग मागे सारली आणि उतरले. मॅटवर दोन पावलं उमटली, ओली, काळी, ठसठशीत.

शोभाताई चावी लावत होत्या. हात थांबला.

मामींनी समोर पाहिलं, नवऱ्याकडे नाही. शोभाताई उतरल्या, डिकीतून कुंचा काढला आणि मामांसमोर धरला. दोरीला बांधलेली चावी त्यांच्या मनगटाखाली हलत होती. समोरच्या घराच्या ओट्यावर शेजारी येऊन उभे राहिले. मामांनी कुंच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी या वेळी बुटांकडे पाहिलं नाही.

"उशीर होऊन राहिला," मामा म्हणाले.

"होऊ द्या," शोभाताई म्हणाल्या. "समुद्र कुठं जात नाही. परत येते तो."

बराच वेळ गेला. मग मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कुंचा घेतला, एक गुडघा गाडीच्या उंबऱ्यावर टेकवला आणि ओल्या मातीवर कुंचा फिरवला. माती पसरली.

"ओली हाय अजून, काकाजी," शोभाताई म्हणाल्या. "वाळू द्या. आमी थांबतो."

आणि त्या सातही जणी, गाडी बंद ठेवून, उन्हात माती वाळण्याची वाट पाहत बसल्या.